दुसऱ्या अंतऱ्यात ओठ का सरकतात आणि छापून आलेले मुखपृष्ठ का बिघडते: विद्यार्थी म्युझिक व्हिडिओ व अल्बम-वेष्टनाचे समस्या निवारण

ठाण्यात किंवा नवी मुंबईत महाविद्यालयीन प्रकल्प म्हणून एखाद्या गाण्याचा व्हिडिओ आणि त्याच गाण्याच्या सीडीचे वेष्टन तयार करणाऱ्या गटांकडून दोन तक्रारी इतक्या नियमितपणे ऐकू येतात, की त्यांना आता दोष न म्हणता प्रकल्पाचा एक टप्पाच म्हणावे. पहिली तक्रार अशी की, मुखड्यात ओठ शब्दांशी चपखल जुळतात, पहिल्या अंतऱ्यात थोडी शंका येते आणि दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत गायक उघडउघड मागे पडलेला किंवा पुढे धावलेला दिसतो. दुसरी तक्रार अशी की, संगणकाच्या पडद्यावर देखणे दिसणारे मुखपृष्ठ छापून येते तेव्हा मळकट झालेले असते, कडेचे नाव अर्धे कापलेले असते आणि मराठी अक्षरांच्या वेलांट्यांनी जागा सोडलेली असते.

दोन्ही ठिकाणी सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे दिसणारा दोष तेवढा हाताने सरकवणे. प्रत्येक शॉट टाइमलाइनवर दोन फ्रेम इकडे, तीन फ्रेम तिकडे ढकलला जातो आणि मुखपृष्ठावरचा रंग आणखी भडक करून फाइल पुन्हा छापायला पाठवली जाते. परिणाम असा होतो की, व्हिडिओची नवी प्रत काढली की दोष वेगळ्या ठिकाणी उगवतो आणि छपाईचा खर्च दुप्पट होतो. माझ्या मते या दोन्ही दोषांचे मूळ एकच आहे. व्हिडिओचा फ्रेम रेट (म्हणजे सेकंदाला किती चित्रे), गाण्याची अंतिम प्रत, छपाईचे नेमके माप आणि रंगांची पद्धत हे चार निर्णय काम सुरू होण्यापूर्वी घ्यायचे असतात, आणि ते काम संपत आल्यावर घेतले जातात. तरीही चित्रीकरण उरकले असेल, तर सगळेच हातचे गेले असे नाही. फक्त दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी दोष कोणत्या जातीचा आहे हे ओळखावे लागते.

ओठांचा दोष: आधी फरक मोजावा

सर्वप्रथम कानातले ब्लूटूथ हेडफोन काढून ठेवावेत. हे सांगणे बाळबोध वाटेल, परंतु जुळत नसल्याची तक्रार करणाऱ्या कित्येक टाइमलाइन प्रत्यक्षात अचूक जुळलेल्या असतात आणि चूक फक्त ऐकण्यात असते. ब्लूटूथवरून आवाज कानापर्यंत पोहोचायला साधारणपणे एक दशांश ते पाव सेकंद उशीर होतो. फोनमधले व्हिडिओ प्लेअर हा विलंब ओळखून चित्र तेवढे थांबवतात, संपादनाची सॉफ्टवेअर मात्र बहुधा तसे करत नाहीत. वायरचे हेडफोन किंवा संगणकाला थेट जोडलेला स्पीकर लावून पाहिल्यावर तक्रार नाहीशी झाली, तर पुढचे काही करण्याची गरज नाही. ब्लूटूथ लावून ज्या क्लिप आधीच सरकवल्या असतील, त्या तेवढ्या पूर्वपदावर आणाव्यात.

वायर लावूनही फरक दिसत असेल, तर ज्यात गायकाने संपूर्ण गाणे एका दमात म्हटले आहे असा एक लांब टेक निवडावा. त्या टेकमध्ये कॅमेऱ्याने टिपलेला कच्चा आवाज आणि मूळ गाण्याची फाइल एकाखाली एक ठेवून पहिल्या ठोक्यावर जुळवावी, आणि मग मधले काहीही न बघता थेट शेवटच्या ओळीवर जावे. इथे तीनच शक्यता असतात: सुरुवातीला आणि शेवटी फरक सारखाच आहे, फरक सुरुवातीपासून शेवटापर्यंत संथपणे आणि समान वेगाने वाढला आहे, किंवा फरक मध्येच वाढतो, थांबतो आणि पुन्हा वाढतो. तिन्हींची कारणे वेगळी आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की गोंधळ वाढतो.

फरक नेमका पाहायचा कुठे, हाही प्रश्न असतो. स्वरांवर ओठांची जागा संदिग्ध असते. 'आ' म्हणताना तोंड अक्षराच्या आधीच उघडलेले असू शकते. त्यामुळे प, फ, ब, भ, म या ओष्ठ्य वर्णांवर थांबावे, कारण ते ओठ मिटल्याशिवाय उच्चारता येत नाहीत आणि ओठ मिटल्याची फ्रेम नेमकी सापडते. प्रत्येक ओळीत असे एखादे अक्षर हेरून ठेवले, की तपासणी डोळ्यांच्या अंदाजावर राहत नाही. गायकाने चित्रीकरणाच्या वेळी नुसते ओठ न हलवता मोठ्याने गायले असेल, तर ही खूण आणखी स्पष्ट मिळते. शिवाय गळ्याच्या शिरा आणि श्वास खरे दिसतात, जे कोणत्याही संपादनाने नंतर आणता येत नाही.

किती फरक चालतो याचा अंदाज आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी.१३५९ या शिफारशीतून मिळतो. आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला किंवा १२५ मिलिसेकंद मागे राहिला, की प्रेक्षकाला ते जाणवू लागते. सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते, म्हणजे आवाज तीन फ्रेम मागे असला तरी बहुतेकांना कळत नाही, पण दोन फ्रेम पुढे गेला की खटकतो. ही विषमता स्वाभाविकच आहे, कारण दूरचा आवाज दृश्यानंतर पोहोचण्याची आपल्याला जन्मभर सवय असते. त्यामुळे निर्णय होत नसेल तेव्हा आवाज एक फ्रेम मागे ठेवावा, पुढे कधीही ठेवू नये.

फरक सुरुवातीपासून शेवटापर्यंत सारखाच असेल तर

हा सर्वांत सौम्य दोष आहे. त्या शॉटची क्लिप एकदाच सरकवली की काम संपते. कारण बहुधा अंतराचे असते. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो, म्हणजे एका फ्रेमच्या वेळात जवळपास १४ मीटर. उपवन तलावाच्या एका काठावर कॅमेरा आणि दुसऱ्या टोकाला गायक अशी मांडणी केली आणि स्पीकर कॅमेऱ्याजवळ ठेवला, तर गायकाला गाणे उशिरा ऐकू येते, तो उशिरा गातो, पण कॅमेऱ्याच्या माइकला मात्र ते लगेच ऐकू येते. मग कच्च्या आवाजावरून जुळवलेल्या शॉटमध्ये ओठ मागे राहतात. स्पीकर गायकाच्या पायाशी ठेवला तर चूक उलट दिशेची होते: ओठ वेळेवर असतात, कॅमेऱ्याने टिपलेला आवाज उशिराचा असतो, आणि त्यावरून जुळवलेले गाणे ओठांच्या मागे राहते. मागे राहिलेला आवाज डोळ्यांना अधिक सोसवतो, म्हणून दूरच्या शॉटमध्ये स्पीकर गायकाजवळच असावा, आणि संपादनात दर १४ मीटरला एक फ्रेम या हिशेबाने गाणे पुढे आणून ओष्ठ्य वर्णावर पक्के करावे.

स्वयंचलित जुळणीविषयीही एक इशारा इथेच दिला पाहिजे. दाविंची रिझॉल्व्ह, प्रीमिअर यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाचे आलेख ताडून क्लिप आपोआप जुळवण्याची सोय असते. बोलण्याच्या चित्रीकरणाला ती उत्तम चालते, परंतु गाण्यात मुखडा तीन-चार वेळा तोच येतो. छोट्या टेकचा आवाज सॉफ्टवेअर खुशाल चुकीच्या मुखड्याला जोडून टाकते, आणि शब्द तेच असल्यामुळे ओठही जवळजवळ जुळतात. 'जवळजवळ' जुळणारा शॉट फसवा असतो. गायकाने दोन मुखड्यांत घेतलेल्या वेगळ्या हरकतीवरच तो उघडा पडतो. वाशी किंवा बेलापूर यांसारख्या मोठ्या स्थानकांच्या उंच काँक्रीटी दालनांत (रेल्वेची परवानगी काढून अर्थातच) चित्रीकरण केले, तर प्रतिध्वनीमुळे आलेखाचे ठोके पसरट होतात आणि ही जुळणी फसण्याची शक्यता वाढते. राम मारुती रोडवर हॉर्नच्या गदारोळात तर कच्च्या आवाजात गाणे शोधावे लागते.

यावर चित्रीकरणाआधीचा उपाय साधा आहे. सेटवर वाजवायची गाण्याची वेगळी फाइल तयार करावी, ज्यात प्रत्येक भागाआधी तोंडी सूचना असेल, उदाहरणार्थ 'मुखडा दोन', आणि त्यापाठोपाठ गाण्याच्या लयीत चार टिकटिक ठोके. भाग सुटे करून ठेवले म्हणजे दर टेकला गाणे पहिल्यापासून वाजवावे लागत नाही, आणि कच्च्या आवाजात भागाचे नाव आपोआप नोंदले जाते. क्लॅपबोर्ड नसेल तर ते ठोके वाजल्यावर एखाद्याने हातांची टाळी कॅमेऱ्यासमोर द्यावी. आवाज हरवला तरी टाळीची फ्रेम राहते.

फरक समान वेगाने वाढत असेल तर

इथे अंदाज न करता भागाकार करावा. चार मिनिटांच्या गाण्याच्या शेवटी किती फरक पडला, यावरून कारण जवळजवळ नक्की कळते.

शेवटी फरक सुमारे पाव सेकंद, म्हणजे सहा-सात फ्रेम असेल, तर ३० आणि २९.९७ यांची गल्लत झाली आहे. हा फरक हजारात एकाचा आहे आणि २४० सेकंदांत ०.२४ सेकंद होतो. फरक दहा सेकंदांच्या आसपास असेल, तर २४ फ्रेमने घेतलेले चित्र २५ ने किंवा उलट चालवले गेले आहे. इथे एक गैरसमज दूर करावा लागतो. टाइमलाइन २५ ची आणि क्लिप ३० ची असली, म्हणून ओठ सरकत नाहीत. सॉफ्टवेअर काही फ्रेम गाळते आणि कालावधी तोच ठेवते. त्यात हालचाल किंचित अडखळते, एवढेच. ओठ सरकतात ते कुणीतरी क्लिपच्या गुणधर्मांत जाऊन तिचा फ्रेम रेट बदलून टाकल्यावर, बहुधा ती अडखळ घालवण्यासाठी. तिथला आकडा मूळ पदावर आणला की संपूर्ण टेक जागच्या जागी येतो. एकेक शॉट ओढत बसण्याची गरज नसते.

दुसरे कारण ध्वनीच्या सॅम्पल रेटचे. सीडीचा ध्वनी सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचा असतो आणि व्हिडिओचा सामान्यतः ४८,००० नमुन्यांचा. एक दुसऱ्यात नीट रूपांतरित झाले तर काहीच बिघडत नाही, परंतु ४४,१०० ची फाइल ४८,००० ची समजून वाजवली गेली तर चार मिनिटांचे गाणे तीन मिनिटे साडेचाळीस सेकंदांतच संपते. हा दोष डोळ्यांआधी कानाला कळायला हवा, कारण पेटीच्या काळी एक या पट्टीत गायलेले गाणे पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्ये कुठेतरी ऐकू येते. गटात पेटी वाजवणारा कोणी असेल तर त्याला एकदा ऐकवावे.

विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या गाण्यांत मात्र सर्वाधिक आढळणारे कारण तांत्रिक नाहीच. चित्रीकरणाच्या दिवशी गाण्याचे कच्चे मिश्रण वाजवलेले असते आणि संपादनात संगीतकार मित्राने नंतर पाठवलेली 'फायनल' प्रत घेतलेली असते. मधल्या काळात त्याला लय थोडी संथ वाटली, त्याने मिनिटाला ९५ ठोक्यांची ९६ केली, आणि ही गोष्ट सांगण्याइतकी महत्त्वाची त्याला वाटली नाही. चार मिनिटांत हा एक ठोका अडीच सेकंदांचा फरक पाडतो. कधी लय तीच राहते आणि दोन अंतऱ्यांमधले वाद्यसंगीत एका आवर्तनाने कमी होते. मग तेथून पुढचे सगळे एकदम सरकते. तपासणी अशी करावी: सेटवर वाजवलेली फाइल आणि अंतिम फाइल दोन ट्रॅकवर ठेवून एकदम वाजवाव्यात. शेवटपर्यंत ठोके एकावर एक पडत राहिले तर गाणे तेच आहे, ठोके दुहेरी ऐकू येऊ लागले तर दोष गाण्यात आहे आणि कॅमेऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. अशा वेळी संगीतकाराकडून जुन्या लयीत नवे मिश्रण मागून घेणे हाच शहाणपणाचा मार्ग. चित्राचा वेग एक टक्क्याने वाढवूनही काम भागते, परंतु तो शेवटचा उपाय समजावा. ज्या दिवशी चित्रीकरणाची तारीख ठरते त्या दिवशी गाण्याची लय आणि रचना गोठवावी. त्यानंतर वाद्यांचा आवाज कमी-जास्त झाला तरी हरकत नाही, मात्र ठोका हलता कामा नये.

संथ गतीच्या शॉटची तक्रारही याच खात्यातली. गायक संथ गतीत चालत असताना ओठ मात्र गाण्याशी जुळलेले हवे असतील, तर चित्रीकरण ५० फ्रेमने करावे आणि सेटवर गाणे दुप्पट वेगाने वाजवावे. मग चित्र २५ ने चालवले की ओठ बरोबर बसतात. ६० फ्रेमने चित्रित करून २५ च्या टाइमलाइनवर चालवायचे असेल तर गाणे २.४ पट वेगाने वाजवावे लागते, जे म्हणताना कोणाचीही जीभ अडखळेल. साध्या वेगात गायलेला शॉट नंतर संथ केला असेल, तर त्यात ओठ जुळवण्याचा नाद सोडावा. तो शॉट संगीताच्या तुकड्यावर टाकावा.

फरक मध्येच वाढत आणि थांबत असेल तर

हा फोनच्या चित्रीकरणाचा खास दोष आहे. फोन 'सेकंदाला ३० फ्रेम' असे दाखवत असला तरी अनेक फोन प्रत्यक्षात फ्रेममधले अंतर परिस्थितीनुसार बदलत राहतात. तलावपाळीवर संध्याकाळी उजेड उतरू लागला, की काही फोन प्रत्येक फ्रेमला जास्त प्रकाश मिळावा म्हणून आपणहून ३० वरून २४ वर येतात. फोन तापला तरी फ्रेम गळू शकतात. फोनवर ही फाइल व्यवस्थित दिसते, कारण प्रत्येक फ्रेम केव्हा दाखवायची याची नोंद फाइलमध्ये असते. संपादनाच्या सॉफ्टवेअरला मात्र फ्रेम समान अंतरावर हव्या असतात, आणि या असमान फ्रेम ते नेहमीच नीट बसवू शकत नाही. म्हणून फरक उजेडाप्रमाणे कमी-जास्त होतो, आणि हाताने सरकवलेला शॉट पुढच्या ओळीत पुन्हा बिघडतो.

खात्री करण्यासाठी 'मीडियाइन्फो' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मूळ फाइल उघडावी. 'फ्रेम रेट मोड' या नोंदीपुढे 'व्हेरिएबल' लिहिलेले असेल तर निदान पक्के झाले. उपाय म्हणजे संपादनात घेण्यापूर्वी सर्व फाइली स्थिर फ्रेम रेटमध्ये रूपांतरित करणे. 'हँडब्रेक' हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी पुरेसे आहे: व्हिडिओच्या भागात चित्रीकरण ज्या रेटने केले तोच आकडा निवडावा, 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' ही निवड करावी आणि दर्जाचा आरएफ आकडा १६ ते १८ च्या दरम्यान ठेवावा, म्हणजे डोळ्यांना जाणवेल अशी घट होत नाही. मूळ फाइली पुसू नयेत. संपादन बरेच पुढे गेले असेल, तर रूपांतरित फाइलींना तीच नावे देऊन सॉफ्टवेअरमधून त्या पुन्हा जोडाव्यात. कट जागेवर राहतात, मात्र हाताने आधी केलेले सरकवणे प्रत्येक शॉटमधून काढून टाकावे लागते, आणि या कामाला आळस केला तर बरा झालेला दोष पुन्हा दिसू लागतो.

पुढच्या चित्रीकरणासाठी फोनच्या कॅमेऱ्यातील अंधारात फ्रेम रेट आपोआप कमी करण्याची सोय बंद करावी, आणि शक्य असल्यास 'ब्लॅकमॅजिक कॅमेरा' यांसारखे मोफत ॲप वापरून फ्रेम रेट व शटर (प्रत्येक फ्रेमला उजेड मिळण्याचा वेळ) दोन्ही बांधून टाकावेत. भारतात विजेची वारंवारिता ५० हर्ट्झ आहे आणि त्यावरचे साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. म्हणून फ्रेम रेट २५ आणि शटर १/५० हा जोड आपल्याकडे सर्वांत बिनधोक. फोनमध्ये २५ मिळत नसेल तर ३० चालेल, पण शटर १/५० किंवा १/१०० च ठेवावे. ते १/६० वर गेले की दुकानांच्या एलईडी पाट्यांवर आणि रोषणाईच्या माळांवर आडवे पट्टे सरकू लागतात, आणि ते संपादनात घालवणे फार कठीण असते. रिझॉल्व्ह वापरणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की, एकदा चित्रफिती आत घेतल्या की ते प्रकल्पाचा फ्रेम रेट सहसा बदलू देत नाही, म्हणून पहिली फाइल आत ओढण्यापूर्वी तो आकडा तपासावा.

मुखपृष्ठ: व्हिडिओतील फ्रेम का फुटते

वेष्टनाचा पहिला दोष व्हिडिओतूनच येतो. व्हिडिओतील सर्वांत सुंदर क्षण थांबवून तोच मुखपृष्ठावर घेण्याचा मोह प्रत्येक गटाला होतो. डिजिपॅकची (पुठ्ठ्याच्या घडीच्या सीडी-वेष्टनाची) एक बाजू साधारण १४० गुणिले १२६ मिलिमीटर असते आणि छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके हवेत, म्हणजे उंचीला सुमारे १,४९० ठिपके लागतात. फुल एचडी फ्रेमची उंची १,०८० ठिपक्यांचीच असते, त्यामुळे तीच फ्रेम ताणली की इंचाला २१८ ठिपकेच मिळतात आणि केस, पापण्या, दागिने मेणासारखे गुळगुळीत होतात. फोर-के फ्रेमची उंची २,१६० असल्यामुळे ती या मापाला पुरते. परंतु ठिपके पुरले तरी १/५० च्या शटरमुळे हलणारा हात किंवा पदर फ्रेममध्ये अस्पष्टच असतो, कारण व्हिडिओत जे धूसरपण हालचालीला गुळगुळीत करते, तेच स्थिर चित्रात दोष ठरते. म्हणून चित्रीकरणाच्याच दिवशी, त्याच वेशभूषेत आणि त्याच उजेडात मुखपृष्ठासाठी छायाचित्रे वेगळी काढावीत. येऊरच्या जंगलात वनखात्याची परवानगी काढून गेलेला गट एका छायाचित्रासाठी पुन्हा जाऊ शकत नाही.

कापलेली नावे आणि सरकलेला कणा

हा दोष नेहमी मापाचा असतो, आणि माप इंटरनेटवरून घेतलेले असते. पारदर्शक प्लास्टिकच्या डबीचे माप ठरलेले आहे: पुढच्या पुस्तिकेचे पान साधारण १२० मिलिमीटर चौरस, आणि मागचा इनले (डबीच्या मागे बसणारा कागद) १५१ गुणिले ११८ मिलिमीटर, ज्यात दोन्ही बाजूंचे ६.५ मिलिमीटरचे कणे (नाव छापण्याच्या अरुंद कडा) धरलेले असतात. पुठ्ठ्याच्या डिजिपॅकला असे एकच माप नाही; प्रत्येक छापखान्याची डाय (कापण्या-दुमडण्याचा साचा) वेगळी असते, आणि कण्याची रुंदी पुठ्ठ्याच्या जाडीवर व आतल्या ट्रेवर ठरते. वागळे इस्टेटमधील छापखान्यात काम देणार असाल किंवा तुर्भ्यातल्या, आधी त्यांच्याकडून डायची फाइल मागून घ्यावी आणि आर्टवर्क त्यावरच बसवावे. आर्टवर्क आधी करून मग डायमध्ये कोंबले, की मागच्या बाजूची गाण्यांची यादी घडीवर येते.

चारी बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (कापून जाणारा जादा छापील भाग) आणि आतून किमान ३ मिलिमीटर मोकळी जागा ठेवावी, कारण कटिंगमध्ये पात्याची जागा एखाद्या मिलिमीटरने हलतेच, त्याला छापखाना जबाबदार नसतो. कडेलगत बारीक चौकट काढण्याचा हट्ट सोडावा. पाते अर्धा मिलिमीटर हलले तरी ती चौकट एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक दिसते. कण्यावर मराठी नाव लिहिताना अक्षरे एकाखाली एक रचू नयेत, कारण शिरोरेषा तुटली की शब्द शब्दासारखा दिसत नाही. संपूर्ण ओळ फिरवून वरून खाली वाचता येईल अशी ठेवावी.

कमी प्रती हव्या असतील तर त्या बहुधा बारा बाय अठरा इंची आर्ट कार्डवर डिजिटल यंत्रात निघतात. सहा बाजूंचे डिजिपॅक उलगडून सुमारे ४३० मिलिमीटर लांब होते आणि ४५७ मिलिमीटरच्या त्या कागदावर कसेबसे मावते. त्यापेक्षा लांबीची कल्पना सुचली असेल तर ती आधी पट्टीने तपासावी. गडद रंगाच्या घडीवर पांढरी भेग पडते ती शाई कमी पडल्यामुळे नव्हे, तर क्रीझिंग (घडीच्या जागी आधी दाबून खाच पाडणे) न करता कार्ड दुमडल्यामुळे. क्रीझिंग सांगूनच करून घ्यावे, आणि मॅट लॅमिनेशन परवडत असेल तर तेही.

मळकट रंग आणि मोडलेली मराठी

निळ्या-जांभळ्या एलईडी उजेडात काढलेले छायाचित्र छापल्यावर काळवंडते, कारण पडदा प्रकाशाने रंग दाखवतो आणि छपाई चार शायांनी. पडद्यावरचा तो झगझगीत जांभळा त्या चार शायांत बसतच नाही. फाइल सुरुवातीपासून सीएमवायके (सायन म्हणजे आकाशी, मॅजेंटा म्हणजे गडद गुलाबी, पिवळी आणि काळी या चार शाया) पूर्वदर्शनात पाहत राहिल्यास हा धक्का छापखान्यात बसत नाही. शुद्ध निळ्या रंगासाठी मॅजेंटाचे प्रमाण सायनपेक्षा किमान ३० टक्क्यांनी कमी ठेवावे, नाहीतर तो जांभळा छापला जातो. मोठ्या काळ्या पार्श्वभूमीत काळ्या शाईबरोबर इतर शाया मिसळाव्यात, पण चारही शायांच्या टक्क्यांची एकूण बेरीज ३०० टक्क्यांच्या आत ठेवावी, आणि बारीक अक्षरे फक्त काळ्या शाईत ठेवावीत. चार शायांत छापलेली बारीक अक्षरे जराशा सरकण्याने दुहेरी दिसतात.

मराठी अक्षरांचा दोष दोन ठिकाणी शिरतो. फोटोशॉप आणि इलस्ट्रेटरमध्ये भारतीय लिप्यांसाठीची अक्षरजुळणी निवडलेली नसेल, तर वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षर पाय मोडून उभे राहते. ही निवड सेटिंगमध्ये एकदा करून ठेवावी. दुसरे ठिकाण छापखान्याचा संगणक, जिथे तुमचा युनिकोड फाँट नसतो आणि त्याऐवजी भलताच फाँट लागतो. छापखानावाले 'फाइल कर्व्ह करून आणा' असे सांगतात ते यासाठीच. अक्षरांचे आकारांत रूपांतर केल्यावर ती कुठेही बदलत नाहीत. मुद्रितशोधन मात्र कर्व्ह केल्यानंतरच्या फाइलवर करावे, आधीच्या नव्हे. 'किनाऱ्यावर' मधला अर्धा र, 'ष्ट्र', 'द्ध' ही अक्षरे मुद्दाम पाहावीत. मुंबईच्या 'एक टाइप' या गटाने तयार केलेले मुक्त, बलू आणि मोदक हे फाँट विनामूल्य वापरता येतात. ल आणि श हिंदी वळणाचे दिसत असतील, तर मजकुराची भाषा मराठी निवडून पाहावे. फाँटमध्ये सोय असेल तर अक्षरे मराठी वळणाची होतात.

क्यूआर आणि कामांचा क्रम

हल्ली बहुतेक लॅपटॉपमध्ये सीडी घालायला जागा नसते, म्हणून आतल्या बाजूला व्हिडिओचा क्यूआर छापण्याची पद्धत पडली आहे. तो किमान २० मिलिमीटर चौरस, फिकट पार्श्वभूमीवर गडद, चारी बाजूंना त्याच्याच चार चौकटींइतकी रिकामी जागा सोडून आणि घडीपासून लांब ठेवावा. इथेच दोन्ही तक्रारी एकमेकींत अडकतात. यूट्यूबवर चढवलेल्या व्हिडिओची फाइल त्याच पत्त्यावर बदलता येत नाही. ओठांची दुरुस्ती करून व्हिडिओ पुन्हा चढवला की पत्ता नवा मिळतो आणि छापून झालेले सगळे क्यूआर जुन्या, बिघडलेल्या प्रतीकडे नेतात. म्हणून अंतिम व्हिडिओ वायरच्या हेडफोनवर आणि एका वेगळ्या फोनवर शेवटच्या ओळीपर्यंत तपासून चढवावा, मगच क्यूआर तयार करावा, आणि संपूर्ण छपाईआधी एकच कागद छापून, कापून, दुमडून, आत प्रत्यक्ष सीडी घालून तो क्यूआर दोन वेगवेगळ्या फोनने उघडून पाहावा. उरलेल्या प्रतींची ऑर्डर त्यानंतर द्यावी.